ताटात उरलेलं

जळकोटला हायवेच्या कडेला कल्याणप्पांचं भुसाराचं दुकान आहे. तूर, उडीद, सोयाबीनची पोती मोजायचा सपाट लोखंडी काटा दुकानाच्या दारातच असतो. सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या बायकोचं, म्हणजे शिवकांताअक्काचं, नक्की वजन लिहून आणायला सांगितलं होतं आणि गावातल्या दवाखान्यातला काटा तिच्या पायाखाली एकशेतीसला जाऊन अडकला होता. म्हणून एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, अक्का पोत्यांच्या काट्यावर उभी राहिली.

लाल आकडे थरथरले आणि थांबले. एकशे अडतीस किलो चारशे.

“एकशे सदतीस चारशे लिही,” कल्याणप्पा मला म्हणाले. तीस वर्षं पोती मोजणारा माणूस. बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, किलो त्यांच्या तोंडून आपोआप वजा झाला.

“आवं, माझा बारदाना कुठं काढून ठिवू?” अक्का म्हणाली.

हमाल तोंड फिरवून हसला. अक्काही हसली. मग ती काट्यावरून उतरायला लागली. चार बोटं उंचीची ती पायरी. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा पोत्यांच्या थप्पीवर. डावा पाय जमिनीला टेकेपर्यंत जो वेळ गेला, त्यात कुणीच हसलं नाही.

तिचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. माहेर कर्नाटकातलं, आळंद तालुक्यातलं. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी आमच्यासारखंच बोलते, पण लिहिता-वाचता येत नाही. म्हणून दवाखान्याचे कागद वाचायला ती मला सोबत न्यायची. वय सत्तेचाळीस. माजघरात तिच्या लग्नाचा फोटो आहे. त्यातल्या मुलीच्या गळ्याची हाडं दिसतात आणि शालू तिला नेसवण्याऐवजी तिच्यावर वाळत घातल्यासारखा वाटतो. घरात कुणी नवीन माणूस आलं आणि फोटोकडे बघून तिच्याकडे बघायला लागलं, की अक्का आधीच सांगून टाकायची, “ती व्हय? माझी धाकटी बहीण हाय. आता दिसंना कुठं.”

तिचं जाडेपण गावाला करमणुकीला पुरत होतं. एसटीत कंडक्टर विचारायचा, दोन तिकिटं का? लग्नात प्लास्टिकची खुर्ची पुढे करताना पोरं एकात एक अशा दोन खुर्च्या घालून द्यायची. तिनं ते सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण संडासात तळ कापलेली खुर्ची ठेवली, त्या दिवसापासून तिनं पाहुण्यांना मुक्कामाला बोलावणं बंद केलं. ते हसण्यावारी नेता येत नव्हतं.

डॉक्टरांकडे जायची पाळी आली ती जानेवारीत, एका सकाळी ती भाकरी करताना झोपली तेव्हा. खाली बसता येत नाही म्हणून तिची शेगडी बुटक्या ओट्यावर आणि ती बिनहाताच्या खुर्चीवर, अशी सोय होती. सून भुवनेश्वरी करपल्याचा वास आला म्हणून आत गेली. परातीत पीठ, तव्यावर काळी पडलेली भाकरी आणि भाकरीच्या कडेला अक्काचा उजवा तळहात. डोकं भिंतीला टेकलेलं. सुनेनं हात ओढून काढला तेव्हा तिला जाग आली.

“मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा हात जळायलाय,” तिनं मला नंतर सांगितलं.

सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. रात्री झोपेत तिचा श्वास अडतो. एकदा-दोनदा नाही, रात्रभर. म्हणून दिवसा झोप येते. साखर वाढलेली. गुडघे झिजलेत, पण या वजनावर गुडघ्याला कुणी हात लावणार नाही. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्याच्या मधोमध एक वाकडी रेघ मारली आणि म्हणाल्या, एवढा भाग काढून टाकायचा. आता पोट पपईएवढं आहे, ते केळ्याएवढं राहील. श्वासासाठी रात्री लावायचं एक मशीन दिलं, पण ते म्हणजे नुसतं थोपवून धरणं, असंही सांगितलं.

“आन त्यातच मेले तर?” अक्कानं विचारलं.

“धोका आहे. थोडा आहे. काहीच नाही केलं तर त्याहून जास्त आहे.”

घरी त्या चित्राचा कागद सगळ्यांच्या हातातून फिरला. कल्याणप्पांची आई शांताक्का, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना सगळं घर अव्वा म्हणतं. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

“पोट म्हंजी काय पिशवी हाय का, उसवून ल्हान कराया?”

“अव्वा, आता लई जणी करून घेत्यात,” भुवनेश्वरी म्हणाली. “पण मी मोबाईलवर बघितलंय, नंतर केस गळतात.”

“माझं केस कोण बघायलंय,” अक्का म्हणाली.

कल्याणप्पांनी कागदाची घडी घातली. खर्चाचं काही नाही, एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “पर धडधाकट बाईचं पोट कापायचं म्हंजी.” ती धडधाकट नव्हती, हे त्या घरात कुणाच्या तोंडावर येत नव्हतं. सकाळच्या तीस भाकऱ्या अजून वेळेवर होत होत्या.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी एक वही दिली होती. आठ दिवस जे जे खाल त्याची नोंद करायची. रोज संध्याकाळी दोन घरांमधल्या भिंतीपाशी खुर्ची ओढून अक्का मला सांगायची आणि मी लिहायचे. सकाळी चहा, बिनसाखरेचा. बाराला दोन भाकरी, तुरीचं वरण, शेंगाचटणी. संध्याकाळी एक भाकरी, पालेभाजी. मध्ये काही नाही. सणाच्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, एक वाटी.

ती वही बघून आहाराच्या बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. “मावशी, एवढ्याशा खाण्यावर इतकं वजन होत नाही. काहीतरी सांगायचं राहतंय.”

येताना अक्का एसटीत खिडकीबाहेर बघत होती. निम्मी वाट सरल्यावर म्हणाली, “खोटारडी म्हनाली ती मला. सरळ न्हाय म्हनाली, पर म्हनाली.”

मलाही पटलं नव्हतं. मी आठही दिवस लिहिलं होतं, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी डबा परत द्यायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. सगळ्यांची जेवणं उरकली होती. अक्का खुर्चीवर बसलेली आणि समोर ओट्यावर पाच ताटं. कल्याणप्पांच्या ताटात अर्धी भाकरी आणि वरण. मालाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला की ते उठतात. मुलगा महांतेश, त्याच्या ताटात भात. सुनेच्या ताटातही भात. ती वजन वाढू नये म्हणून भात टाकते. हमालाच्या ताटात भाजी. अव्वांना दात नाहीत, त्यांच्या ताटात दुधात कुस्करलेली भाकरी, वर साखर. अक्का एकेक ताट जवळ ओढत होती, बोटानं कडेनं पुसत होती, घास करत होती. चेहऱ्यावर चव घेतल्याची काही खूण नव्हती. भांडी घासताना जसा चेहरा असतो तसा. शेवटी ताटात पाणी घातलं, फिरवलं आणि पिऊन टाकलं.

“अक्का, हे वहीत सांगितलं नाहीत तुम्ही.”

तिनं माझ्याकडे खरंच न कळून बघितलं. “हे व्हय? हे खाणं न्हाय गं. हे संपवणं हाय.”

त्या लिंगायत घरची रीत मला लहानपणापासून माहीत होती, पण ती अशी कधी दिसली नव्हती. जेवायला बसलं की ताट आधी गळ्यातल्या लिंगाला दाखवायचं. दाखवलं की ते अन्न राहत नाही, प्रसाद होतो. प्रसाद टाकायचा नाही. जुनी माणसं जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. लिंगाला ताट दाखवायला सगळ्यांनाच वेळ असतो. संपवायला नसतो. लग्न होऊन आली त्या वर्षी अक्कानं सासऱ्यांच्या ताटातला घासभर भात मोरीत सोडला होता. अव्वांनी मोरीत हात घालून शितं वेचली आणि तिच्यासमोर खाल्ली. बहात्तरच्या दुष्काळात अव्वांनी खडी फोडली होती, लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीवर दिवस काढले होते. त्या दिवसापासून अक्काच्या हातून शीत गेलं नाही.

“पाप टाकणाऱ्याला लागंल की,” मी म्हणाले.

“ते नुसतं उठून जात्यात. मोरीत सोडते ती भांडी घासणारी. मग टाकणारी कोण झाली?” आणि मग, ओलं बोट पदराला पुसत, “जेवणाऱ्याला वाढणारा विचारतो, तवा तो साकु म्हनतो. पुरे म्हनतो. मला कुणी वाढतच न्हाय. म्या साकु कुणाला म्हनू?”

त्या संध्याकाळी मी वहीत नवीन पान घेतलं. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. आठ-नऊ भाकऱ्या होत होत्या, भात वेगळा, दूध-साखर वेगळी. “एवढं?” म्हणाली. तीस वर्षं कुणीतरी दुसरंच तिच्या तोंडानं जेवत होतं आणि तिला आज त्याची ओळख करून दिली होती, असं ते विचारणं होतं.

घरात मात्र सगळ्यांना हायसं वाटलं. “मग झालं की,” कल्याणप्पा म्हणाले. “उद्यापासनं कुणाचं उष्टं खायाचं न्हाय. फुकट पोट फाडून घ्यायची पाळी आलती.” महांतेशनं दवाखान्याला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, चांगलं झालं कळलं, पण इतकं साठलेलं नुसत्या पथ्यानं उतरून खाली राहणं अवघड आहे. ऑपरेशनच्या आधीही पाच-सहा किलो उतरवावेच लागतील, यकृतावरची चरबी कमी व्हायला. एक महिना बघा आणि या. फोनवरचं बोलणं स्पीकरवर होतं. ‘चांगलं झालं’ आणि ‘एक महिना’ एवढंच घरानं ऐकलं.

पहिले आठ दिवस ताटं खरंच लख्ख निघाली. कल्याणप्पांनी ट्रॅक्टरवाल्याला थांबवून ठेवलं. भुवनेश्वरीनं भात कमी वाढून घेतला. अव्वा जेवायला तासभर बसायच्या. अक्का माझ्याशी भिंतीवरून बोलताना म्हणाली, “काल दुपारी म्या झोपलेच न्हाय बघ.”

मग तुरीची आवक सुरू झाली. कल्याणप्पा पुन्हा अर्ध्यातून उठायला लागले. त्यांच्या पाठोपाठ महांतेश. कुणी मुद्दाम केलं नाही. अव्वांची भाकरी दुधात फुगून आधी होती त्याहून जास्त दिसायची. भुवनेश्वरीनं एकदा सगळं गोळा करून आमच्या म्हशीकडे आणलं, तर अव्वा दारात उभ्या. “लिंगाला दाखवलेलं जनावराच्या तोंडात घालायला निघालीस व्हय गं, माय?” आवाज चढवला नाही. भुवनेश्वरी पातेलं घेऊन मागे वळली. ते पातेलं कुणी रिकामं केलं, हे मी विचारलं नाही.

“अव्वा, तुम्ही थोडकी वाढून घ्या की,” कधीतरी मी म्हणाले.

“घेते की. पर माणसाच्या ताटात भाकरी दिसाया पायजे, बाय. तू उपास बघितले न्हाईस.” आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडता आलं असतं.

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी तीन वाजता मी गेले. ताटं तशीच होती. पाचही. वरणावर साय धरली होती, भाताला माश्या. अव्वा आत झोपलेल्या, सून माहेरच्यांशी फोनवर, पुरुष दुकानात. अक्का ताटांकडे तोंड करून बसली होती, दोन्ही हात मांडीत. भाजल्याच्या जागी तळहातावर गुलाबी कातडं आलं होतं. ते ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळत होती.

“जेवलात?”

“बाराला. माझं जेवले.” मग म्हणाली, “तवापासनं बघायलेय. कुणीतरी येईल, उचलील म्हनून.”

“मी उचलते.”

“नगं. तू आमच्यातली न्हाईस, तुला बोलत्याल.” तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “भूक न्हाय गं मला. देवाशपथ भूक न्हाय. पोट गच्च हाय. तरी हात जातोय. म्या त्येला धरून बसलेय.”

मी तिच्याजवळ बसले. बाहेर हैदराबादच्या गाड्या जात होत्या. ती म्हणाली, “तू जा आता घरी.”

“बसते की.”

“जा म्हनते न्हवं. तुझ्यासमोर व्हायचं न्हाय माझ्यानं.”

मी उठून आले. भिंतीपलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला, एकामागून एक, पाच वेळा.

महिन्यानं काट्यावर एकशे एकोणचाळीस भरले. कल्याणप्पांनी काहीच वजा केलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सोलापूरला गेलो.

डॉक्टरबाईंनी वही वाचली, दोन्ही भाग. मग अक्काला विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ऑपरेशन करायचंय?”

हा प्रश्न तिला तोवर कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. तिनं खुर्चीत जरा सरळ व्हायचा प्रयत्न केला.

“करायचंय. माझ्यानं न्हाय म्हनता येत न्हाय, बाई. निदान पोटाला तरी म्हनू द्या. केळ्याएवढं झालं की वरचं वर पडंल. उलटी हुईल. झाली तर झाली. म्या टाकलं न्हाय, पोटानं टाकलं.”

कल्याणप्पा टोपी हातात फिरवत बसले होते. त्यांनी ती फिरवायची थांबवली.

डॉक्टरबाईंनी पेन बाजूला ठेवलं. “मावशी, नीट ऐका. पोट शिवलेलं असेल. पहिला दीड महिना ते नाही म्हणणार नाही. जास्त झालं तर टाक्यांवर ताण येईल, कधी टाका सुटेल. मग पोटातलं बाहेर पसरतं. त्यात माणूस जाऊ शकतो. आधी दोन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ, चमचा-चमचा. ते नाही म्हणणं तुम्हालाच करावं लागेल. ते मी कापून काढू शकत नाही.”

अक्काचा चेहरा असा झाला, की मला वाटलं ती उठून जाईल. तिची शेवटची आशा तेवढीच होती. भिंतीवर पोटाचं रंगीत चित्र होतं, त्याकडे ती बघत राहिली. एसीचा गार वारा तिच्या पदरावर येत होता.

“अव्वाला म्या सांगतो,” कल्याणप्पा हळू आवाजात म्हणाले. “सगळ्यास्नी सांगतो. दीड महिना तरी...”

“तुम्ही सांगताल,” अक्का म्हणाली. “आन ट्रॅक्टर आला की उठताल.”

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“बाई,” ती डॉक्टरांना म्हणाली, पण बघत होती नवऱ्याकडे, “दीड महिना म्या घरी जात न्हाय. दवाखान्यातनं सुटले की नळदुर्गला जाते, सत्यभामाकडं. माझी बहीण हाय. एकटी ऱ्हाती. तिच्या घरात एकच ताट हाय.”

“आगं, पर हितं घरात?” कल्याणप्पा म्हणाले. “भाकरीचं?”

तिनं माझ्या हातातला कागद मागितला, कुठं सही करायची ते विचारलं आणि कानडीत, गोल गोल अक्षरं जोडत, आपलं नाव लिहिलं. उजव्या हातानं पेन धरताना नवं कातडं ओढलं जात होतं, म्हणून मध्ये दोनदा थांबली. आधी सहा किलो उतरवायचे होतेच. त्यासाठीही तिनं त्याच आठवड्यात नळदुर्गला जायचं ठरवलं. ऑपरेशनची तारीख मे महिन्यातली मिळाली.

परतीच्या एसटीत ती दोन जणांच्या बाकावर एकटी बसली. मी मागच्या बाकावर. कल्याणप्पा पुढे, ड्रायव्हरच्या मागे, पाठमोरे. अणदूर जवळ आल्यावर तिनं मान वळवली.

“मला मरायचं भ्या न्हाय वाटत,” ती म्हणाली. “दीड महिन्यानं म्या घरी येईन. सगळे जेवून उठलेले असत्याल. आन पाच ताटं माझी वाट बघत असली तर गं?”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा तापलेला होता आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होता. जळकोटला उतरताना कल्याणप्पा आधी उतरले आणि पायरीशी हात पुढे करून उभे राहिले. तिनं तो धरला. उतरायला तिला वेळ लागला. कंडक्टरनं घंटी मारली नाही.